आवाज पुसलेले अडतीस सेकंद

"कॅमेऱ्याकडं बघू नको, माझ्याकडं बघ," स्वरूपा म्हणाली. "आणि माइक जरा खाली धर की. मुलाखत तुझी हाय, माइकची न्हवं."

माझीच मुलाखत आणि माइकही माझ्याच हातात, कारण आमच्या गटात आवाजाचं काम माझ्याकडं होतं. कानावर मोठे हेडफोन, त्यात माझाच श्वास फसफसत होता. मी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसले होते. मे महिन्यातली दुपार. पायरी अशी तापलेली की खाली वही ठेवून बसावं लागलं होतं. आमच्या गटातले दुसरे दोघे सुताला खळ लावायच्या सायझिंगच्या धुराड्याचे शॉट घ्यायला गेले होते, म्हणजे खरं तर बर्फाचा गोळा खायला.

"सुरू केलं," स्वरूपा म्हणाली. "सांग, तू ही फिल्म का करत्येस?"

पुण्याहून आलेल्या निनाद सरांनी सगळ्यांना तो एकच प्रश्न दिला होता. नववीची परीक्षा झालेली आम्ही बारा मुलं नगरपालिकेच्या शाळेत महिनाभर त्यांच्याकडं माहितीपट करायला शिकत होतो. आपल्या गावातला एक प्रश्न निवडायचा, लोकांना भेटायचं, दहा मिनिटांची फिल्म करायची. चांगली झालेली फिल्म मुंबईच्या स्पर्धेला जाणार होती. आमचं गाव इचलकरंजी, म्हणजे यंत्रमागांचं गाव, दिवसरात्र खटाखट चालू. आमच्या गटानं मागांच्या आवाजानं जाणारे कान हा विषय घेतला. तो सुचवला मी. सरांनी पाठ थोपटली, आणि मी हा विषय का सुचवला ते कुणीच विचारलं नाही.

मी ठरवलेलं बोलून टाकलं. आवाज किती मोठा असतो, कामगार कानात कापूस का घालत नाहीत, वगैरे. सगळं पाठ केलेलं. मग स्वरूपानं सहज विचारलं, "परवाच्या शिबिरात कान तपासायला समदी गल्ली आली. तुझे आप्पा का आले न्हाईत?"

आता एवढ्या वर्षांनी आठवलं की वाटतं, मी म्हणू शकले असते की त्यांना काम होतं. जीभ काही जड नव्हती माझी, गल्लीत भांडणात मीच पुढं असायचे. पण कानावर ते हेडफोन होते, आत माझाच आवाज अगदी जवळून येत होता, आणि समोर पहिलीपासूनची मैत्रीण.

"आमच्या आप्पांना ऐकायला येत न्हाई," मी म्हणाले. "दोन वर्सं झाली. उजवा कान पुरा गेलाय, डाव्यात थोडं हाय. मागावर हात ठेवून काम करत्यात. मालकांना म्हाईत न्हाई. कुणालाच न्हाई. कळलं तर घरी बसवतील. जॉबरचा कान गेल्यावर ऱ्हायलं काय?"

एवढंच बोलले आणि रडू आलं.

स्वरूपा कॅमेऱ्यामागून बाहेर आली नाही. मी नाक पुसलं, माइक खाली ठेवला, तरी ती तिथंच वाकून उभी.

"दोन वर्सं?" तिनं विचारलं. "नक्की?"

"नक्की. माझी सातवीची वार्षिक चालू होती."

"बरं," ती म्हणाली.

"हे काढून टाकायचं हं."

"हं," ती म्हणाली आणि कॅमेरा पिशवीत घालायला लागली. पिशवीची चेन तिला दोनदा लावावी लागली. मला वाटलं, माझ्यासाठीच.

जॉबर म्हणजे काय ते सांगायला हवं. माग चालवतो तो कारागीर आणि माग बिघडला की नीट करतो तो जॉबर. एका कारखान्यात चोवीस माग एकदम धडधडत असतात, त्यातल्या एकाचा ठेका किंचित चुकला तर दारात उभं राहून ओळखायचं आणि सरळ त्या मागापाशी जायचं, ही जॉबरची खरी विद्या. माझे वडील, मल्लाप्पा लिपारे, मगदूम मालकांच्या कारखान्यात वीस वर्षं जॉबर होते, आणि त्यांचा कान गावात नावाजलेला होता. दुसऱ्या कारखान्याचे मालक गाडी पाठवून त्यांना न्यायचे. "लिपारे जॉबरनं कान दिला म्हणजे झालं" असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकताना माझी छाती फुगायची.

तोच कान गेला. घरात आम्हा तिघांनाच ते माहीत होतं, आप्पा, आई आणि मी. ते मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवायचे, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि हाताला कळेल तेवढं समजून घ्यायचे. बऱ्याचदा जमायचं. बाकी बोलण्याचालण्यात त्यांना कुणी पकडू शकत नव्हतं, कारण मागावरची माणसं नाहीतरी ओठ बघूनच बोलतात. त्या गोंगाटात ओरडून घसा कोण फोडणार? नुसतं तोंड हलवायचं, समोरचा वाचतो. आमच्याकडं पोरं चालायला शिकतात तशी हे शिकतात. घरीही आम्ही आप्पांशी बिनआवाजाचंच बोलायचो. कुणाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. इतकं, की आमच्या फिल्ममध्येसुद्धा ही गोष्ट घ्यावी असं आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. भात हातानं खातो हे कुणी सांगतं का?

स्वरूपाचं घर आमच्या समोरचं. तिचे वडील ईश्वर काका ढवळे, ती त्यांना दादा म्हणायची, त्याच कारखान्यात कारागीर होते, आप्पांचे जुने दोस्त. आदल्या वर्षी श्रावणात त्यांच्या मागातून धोटा उडाला. धोटा म्हणजे सूत घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना अणकुचीदार लोखंड. तो सुटला की बंदुकीची गोळीच. ईश्वर काकांचा डावा डोळा गेला. त्या सकाळी त्यांनी आप्पांना बोलावून सांगितलं होतं की आवाज वेगळा येतोय, धोटा नीट बसत नाही. आप्पा पाच मिनिटं मागापाशी थांबले आणि म्हणाले, काही नाही, चालव. हे सगळ्या कारखान्यानं पाहिलं होतं. म्हणून लोकांनी सरळ हिशेब लावला. लिपारे जॉबरनं माग बरोबर आहे म्हटलं, म्हणजे चूक कारागिराची. लक्ष नव्हतं, झोप लागली असेल, रात्री घेतली असेल. ईश्वर काका आयुष्यात कधी प्यायले नव्हते. पण एकदा बोलणं गल्लीत गेलं की धरून आणता येत नाही. एका डोळ्याच्या आणि वर बेफिकीर म्हणून नाव झालेल्या माणसाला माग कोण देणार? ते घरी बसून बायकांसारखे कांड्या भरायला लागले, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. ज्यानं एका वेळी चार माग चालवले त्यानं उंबऱ्यात बसून हे करायचं.

आप्पा दवाखान्यात रोज जायचे. मोसंबी सोलून फोडी ईश्वर काकांच्या हातात द्यायचे आणि गप्प बसून राहायचे. माझी आई म्हणायची, असा दोस्त मिळायला नशीब लागतं. स्वरूपाची आईही तेच म्हणायची.

टाकीवरच्या त्या दुपारनंतर चारेक दिवसांनी सरांनी मला संगणकाच्या खोलीत बोलावलं. खोलीत एक पंखा, तीन खुर्च्या आणि सर. स्वरूपा आधीच बसलेली. पडद्यावर माझा चेहरा थांबवलेला, डोळ्यात पाणी आलेला.

"हे काढायचं ठरलं होतं," मी स्वरूपाला म्हणाले.

"मीच म्हटलं तिला, सगळं फुटेज बघू दे," सर म्हणाले. "तेजस्विनी, चिडू नकोस. तू जे बोललीस ते फिल्ममध्ये जाणार नाही. तुझ्या बाबांची गोष्ट आहे, तो तुमचा खाजगी प्रश्न. पण हा चेहरा बघ. पूर्ण फिल्ममध्ये आकडे आहेत, डॉक्टर आहेत, मशिनं आहेत. माणूस इथं दिसतो. आपण आवाज पूर्ण काढून टाकू, वर बासरी लावू. आवाजावरच्या फिल्ममध्ये अडतीस सेकंद आवाजच नाही. कळतंय तुला काय होईल ते?"

मला कळत होतं. आवाजाचं काम माझं होतं आणि मला त्याचा माज होता. महिनाभर मी हेडफोन लावून गावभर हिंडले होते. माझ्या लेखी जे काही खरं होतं ते त्या वायरीतून यायचं. वायर काढली की काही उरत नाही, असंच मला वाटत होतं.

"आवाज मी स्वतः पुसणार," मी म्हणाले. "आणि ती आवाजाची फाइलपण उडवायची. माझ्यासमोर."

"कबूल," सर हसून म्हणाले.

मी खुर्चीत बसले. त्यांनी दाखवलं तशी माझ्या बोलण्याची ती हिरवी नक्षी पट्टीवरून उचलून टाकली, मूळ फाइल उडवली, कचऱ्याची टोपली रिकामी केली. मग आम्ही ते अडतीस सेकंद पुन्हा पाहिले. पडद्यावर मी नुसतंच तोंड हलवत होते. बासरी वाजत होती. मला तर मी जरा छानच दिसले.

"झालं," मी म्हणाले. "आता कुणाला काय कळणार?"

सर म्हणाले, "कुणालाच नाही."

स्वरूपा खुर्ची पुढं ओढून बसली. ती पडद्याकडं बघत होती. "पुन्हा एकदा लावा की सर," एवढंच म्हणाली, आणि त्यांनी लावलं.

मागांना सुट्टी असते त्या दिवशी सकाळी अकराला समाजमंदिरात फिल्म दाखवायची ठरली. सुट्टीदिवशी आमचं गाव विचित्र वाटतं. सायकलची घंटी चौकापलीकडं ऐकू येते, कुणी खाकरलं तर कोण ते कळतं. सरांनी मालकांना पत्रं दिली होती, कामगारांना आम्ही घरोघरी जाऊन सांगितलं होतं. दोनशे माणूस तरी आलं असेल. मगदूम मालक पहिल्या रांगेत. त्यांनी हातानं खूण करून आप्पांना शेजारी बसवून घेतलं. पोरीची फिल्म आहे म्हणून आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि टोपी हातात घेऊन बसले होते. सकाळी निघताना त्यांनी मला विचारलं होतं, "माझं काय न्हाई न्हवं त्यात?" मी तोंड हलवून सांगितलं होतं, "न्हाई आप्पा. शप्पत."

आई बायकांत बसली होती. ईश्वर काका सगळ्यात डावीकडं, भिंतीला लागून, स्वरूपाच्या आईजवळ. ते नेहमी डाव्या कडेला बसायचे, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूला भिंत येते.

मी पडद्याच्या शेजारी, स्पीकरजवळ. आवाज कमीजास्त करायचं बटण माझ्याकडं, त्यामुळं माझं तोंड लोकांकडं होतं. फिल्म सुरू झाली. पहिला मिनिटभर नुसते माग, मोठ्या आवाजात. एक म्हातारा म्हणाला, "सुट्टीदिवशी तरी सोडा की रं," आणि सगळे हसले. मग डॉक्टर आले. मग तपासणीला आलेले कामगार आले, पडद्यावर दिसला की जो तो शेजाऱ्याला कोपर मारत होता. मगदूम मालक मान डोलवत होते. मी सरांकडं पाहिलं, त्यांनी अंगठा दाखवला.

मग बासरी सुरू झाली. मी बटण जरा वर केलं. पडदा मला तिरका दिसत होता, पण मला बघायचा नव्हताच. मी लोकांकडं बघत होते, कुणाकुणाच्या डोळ्यात पाणी येतं ते.

दुसऱ्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्याचे ओठ हलताना दिसले. मला वाटलं तंबाखू चघळतोय. मग त्याच्या शेजारणीचे हलले. मग मागच्या रांगेत, मग त्याच्या मागं. कमी शिकलेला माणूस वाचताना ओठ हलवतो, तसे सगळे वाचत होते. आख्खं समाजमंदिर. आणि मी, त्यांच्याच गावची, मागावाल्याची पोरगी, त्यांच्या ओठांवर माझंच वाक्य वाचत होते. आप्पांना ऐकायला येत न्हाई. दोन वर्सं झाली.

मी काय केलं? बासरीचा आवाज बंद केला. मूर्खासारखा. हातात तेवढंच होतं. त्यानं उलट सगळे आणखीच टक लावून बघायला लागले.

फिल्म संपायच्या आधीच डोकी वळली. पहिल्यांदा आप्पांकडं. मगदूम मालकांनी नुसतीच मान फिरवली आणि आप्पांच्या उजव्या कानाकडं असं पाहिलं, जणू तो त्यांनी आजच पाहिला. तेही पोरपणी मागावरच उभे राहिले होते, त्यांना वाचायला कुणाची मदत लागत नव्हती. आप्पा पडद्याकडंच बघत होते. त्यांचे ओठ हलत नव्हते.

हे मला समजत होतं. पण मग एकेक करून तीच डोकी डावीकडं वळायला लागली, भिंतीकडं. ते मला कळेना. तिथं कुणीच नव्हतं. तिथं फक्त ईश्वर काका होते.

ते उठत होते. हातानं पुढची खुर्ची चाचपत, सावकाश. आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते महिने एकापुढं एक उभे राहिले. माझी सातवीची वार्षिक. मग पुढच्या वर्षीचा श्रावण. धोटा उडाला तेव्हा आप्पांचा कान जाऊन वर्ष उलटलं होतं. मी रोज दोन्ही घरांत जेवत होते, दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या, आणि त्या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

ईश्वर काका मधल्या वाटेपर्यंत यायच्या आत आप्पा उठले, टोपी डोक्यावर घातली आणि मालकांच्या समोरून, कुणाकडंही न बघता बाहेर गेले. दोनशे माणसं त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. सर पुढं येऊन टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, फिल्म लोकांना भिडली.

स्वरूपा मला मागं सापडली, चहाच्या पातेल्यांपाशी. कपात चहा ओतत होती. एकही कप हिंदकळत नव्हता.

"तुला म्हाईत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"लोक वाचतील ते."

"व्हय."

इतकं सरळ म्हणाली. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल, रडेल, सरांवर ढकलेल. तिला मुंबईला बक्षीस घ्यायला जायचंय, म्हणून केलं, असंही मी मनात ठरवून आले होते. त्यातलं काहीच कामाला आलं नाही.

"आवाज काढला की झालं असं तू म्हणालीस," मी म्हणाले.

"मी न्हाई म्हणाले. तू म्हणालीस. सर म्हणाले. मी गप होते."

"गप होतीस म्हणजे फसवलंसच की."

"व्हय," ती पुन्हा म्हणाली. "फसवलं."

"मला सांगायचं होतंस, स्वरूपा. टाकीवरच सांगायचं. मी आप्पांशी बोलले असते."

"आणि आप्पा काय म्हणाले असते?" तिनं किटली खाली ठेवली. "नऊ महिने झाले. दवाखान्यात रोज मोसंबी सोलून दिली त्यांनी. एकदा तरी बोलले? आमच्या दादांना लोक बेवडा म्हणाल्यात. गल्लीतून जाताना पोरं एक डोळा मिटून दावत्यात. दादा स्वतःच म्हणायला लागलेत, की झोपच लागली असंल मला. रात्री आईला इचारत्यात, झोपलो होतो का गं मी? तुझ्या आप्पांनी एकदा, एकदा म्हणायचं होतं की मला तो माग ऐकायला आला न्हवता."

"मग तू जाऊन सांगायचंस सगळ्यांना."

"मी सांगून कोण ऐकणार हाय? लिपारे जॉबरचा कान गेलाय म्हणून ईश्वऱ्याची पोरगी सांगत्येय. लोक हसले असते." ती माझ्याकडं बघत नव्हती, कपांकडं बघत होती. "तुझ्याच तोंडातनं पायजे होतं. तू खोटं बोलत न्हाईस ते सगळ्या गल्लीला म्हाईत हाय."

तिनं भरलेला कप उचलला तसा मी तिच्या हाताला झटका दिला. चहा तिच्या पंजावर सांडला, गरम. तिनं हात मागं घेतला नाही. आतापर्यंत मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. त्या वेळी मला वाईट वाटलं नव्हतं. तिच्या हातात आणखी एक कप असता तर तोही सांडला असता. माझ्या रडण्याला धरून तिनं माझ्या बापाला उघडं पाडलं होतं, माझ्याच हातून आवाज पुसवून घेऊन. ती बरोबर होती म्हणून ते कमी दुखलं असं नाही. बरोबर होती म्हणूनच मला तिच्यावर धड ओरडताही येईना, आणि तो राग मी अजून वागवतेय.

पुढचं सांगून टाकते, थोडंच आहे. आप्पा मगदूमांच्या कारखान्यात परत गेले नाहीत. मालकांनी काढलं नाही, बोलावलंही नाही. ईश्वर काकांना दिवाळीनंतर दुसऱ्या एका कारखान्यात दोन माग मिळाले. एका डोळ्यानं जमेल तेवढं ते करत राहिले. फिल्मला बक्षीस मिळालं. सरांनी पत्र पाठवलं, ते मी फोडलंही नाही. स्वरूपाशी मी त्या दिवसानंतर बोलले नाही. तिच्या लग्नात आई गेली होती. मी तेव्हा गावातच होते, पण घरात बसून राहिले.

पण मला सांगायचंय ते फिल्म दाखवली त्या दुपारचं.

मी घरी आले तेव्हा आप्पा उंबऱ्यात बसले होते. सदरा काढून खुंटीला लावला होता, टोपी मांडीवर. आई शेगडीपाशी पाठ करून उभी. ती माझ्या आधी आली होती आणि नुसतीच उभी होती, गॅस पेटवलेला नव्हता. सुट्टीमुळं गल्ली अगदी शांत. समोरच्या घरात ईश्वर काका परत आलेले दिसत होते, दाराशी कांड्यांची टोपली, पण हात चालत नव्हते.

मी आप्पांसमोर खाली बसले, त्यांना माझं तोंड नीट दिसेल अशी. मला वाटलं ते मला मारतील. कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी चूक न्हाई गं," म्हणाले. "पोरी बोलत्यात. मन हलकं करत्यात."

ते इतकं मायेनं म्हणाले की मी तिथंच गप्प बसायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही मुलीनं गळ्यात पडून रडून घेतलं असतं. पण चहाच्या पातेल्यांपाशी ऐकलेलं डोक्यात घुमत होतं, आणि मी माझ्या बापाला ओळखते की नाही एवढंच मला हवं होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. हो म्हटलं असतं तरी त्यांच्याबरोबर समोरच्या दारात गेले असते.

मी ओठ हलवले, नेहमीसारखे. आवाज नाही.

"आप्पा, त्या दिवशी ईश्वर काकांचा माग तुम्हाला ऐकायला आला होता?"

त्यांनी वाचलं. मला दिसलं, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

आमच्या घरात ते कधी कुणी केलं नव्हतं. भांडणातसुद्धा नाही. मी त्यांचा गुडघा हलवला. पापण्या गच्च मिटलेल्या. मी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज काढून. मग मोठ्यानं. मग ओरडून, घसा फाटेपर्यंत, तेच एक वाक्य. आई म्हणाली, "तेजा, पुरे." समोर ईश्वर काका टोपली बाजूला सारून उभे राहिले. शेजारची दारं उघडली. माग बंद होते, गल्लीच्या टोकापर्यंत शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू गेला असणार. आप्पा माझ्यासमोर हातभर अंतरावर, टोपी मांडीवर धरून, डोळे मिटून बसून राहिले.